दुनळी नव्हे, दोन नळ्या

नाचता येईना त्याला अंगण वाकडं, हे खरं. पण त्या बिचाऱ्याला अंगण बदलता तरी येत नसतं, म्हणून त्याचा खर्च वाचतो. मी दक्षिण जर्मनीत राहतो. इथं अंगण बदलून मिळतं आणि वर वॉरंटीही मिळते. रायफलीची नळी काढायची, दुसरी बसवायची. सकाळी हरणाची रायफल, रात्री डुकराची. माझा नेम हरणावरही चुकत होता आणि डुकरावरही, तेव्हा दोष नळीचाच असणार हे मी इंजिनियर असल्यामुळे मला लगेच कळलं.

वाचकांच्या भुवया वर जाण्याआधी थोडा खुलासा करतो. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार हा विषय जुन्या वाड्यांतल्या भिंतींवरच्या शिंगांपुरता उरला. ते उत्तमच झालं. जर्मनीतला मामला वेगळा आहे. इथं चार लाखांहून अधिक लोकांकडे शिकारीचा परवाना आहे, रानं भाडेपट्ट्यानं दिली जातात, आणि पट्टेदारानं त्या रानात किती जनावरं राहतील याची काळजी घ्यायची असते. कोकणात डुकरांनी भात लोळवलं की शेतकरी भरपाईसाठी सरकारकडे धावतो. इथं डुकरानं मका खाल्ला तर त्याचं बिल सहसा शिकाऱ्याकडे येतं. चिपळूणला आईला फोनवर हे समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे डुक्कर खाणार, पैसे तू भरणार, आणि वर बंदूकही तूच घेणार?" आई अर्थशास्त्र शिकलेली नाही, पण या धंद्याचा ताळेबंद तिच्याइतका थोडक्यात मला कुणी सांगितलेला नाही.

परवान्यासाठी परीक्षा असते. लेखी, तोंडी आणि नेमबाजीची. जनावरांचं जीवशास्त्र, कायदा, शस्त्रं, कुत्री, मांस तपासणं, झाडं, सगळं येतं तीत. लोक तिला गमतीनं हिरवी बारावी म्हणतात. लेखी परीक्षेत मला उत्तम गुण होते. ही माहिती इथंच देऊन टाकतो, कारण पुढं ती देण्यासारखी जागा येणार नाही.

त्या अभ्यासात एक कलम पाठ केलं होतं, सगळ्या अनर्थाचं मूळ तेच. रेह नावाचं एक छोटं हरीण इथं सर्वत्र असतं, वीस-पंचवीस किलोचं. त्याच्यासाठी गोळीची ताकद शंभर मीटरवर किमान १००० ज्यूल हवी. रानडुक्कर, सांबराएवढी मोठी हरणं वगैरे मंडळींसाठी गोळी किमान ६.५ मिलिमीटर जाडीची आणि शंभर मीटरवरची ताकद किमान २००० ज्यूल हवी. कायदा एवढंच म्हणतो. पण परीक्षेत पहिल्या काहींत आलेल्या माणसाला कायद्यातून निष्कर्ष काढायची खोड असते. मी निष्कर्ष काढला की जनावरं दोन प्रकारची आहेत, म्हणून मला नळ्या दोन हव्यात.

ज्यांच्या रानात मी बसतो ते पट्टेदार गृहस्थ निवृत्त सुतार आहेत. त्यांना मी मनातल्या मनात आबा म्हणतो. चेहऱ्यावरून, आणि बोलण्याच्या काटकसरीवरून, त्यांना दुसरं काही म्हणताच येत नाही. आबांकडे माउझर ९८ जातीची रायफल आहे, ८ बाय ५७ काडतुसाची. ती त्यांच्या वडिलांची. १८९८ साली जर्मन सैन्यानं स्वीकारलेली ही बोल्टची रचना इतकी भक्कम निघाली की पुढची शंभर वर्षं जगभरच्या कारखान्यांनी तीच थोडी इकडेतिकडे करून विकली. आबांच्या रायफलीच्या दस्त्यावर एका बाजूला गुळगुळीत झालेली जागा आहे, तिथं आधी वडिलांचा आणि आता त्यांचा गाल टेकतो. ते त्याच रायफलीनं रेह मारतात, त्याच रायफलीनं डुक्कर मारतात. मी त्यांना दोन नळ्यांची कल्पना सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बरं." आमच्या श्वाबेन भागात ‘बरं’ म्हणजे नाही. हे मला तेव्हा ठाऊक होतं, पण सोयीचं नव्हतं.

एका बंदुकीत सगळं मावलं पाहिजे ही हौस काही माझ्यापासून सुरू झालेली नाही. जर्मनांची ती जुनी खोड आहे. त्यांनी ‘ड्रिलिंग’ नावाची तीन नळ्यांची बंदूक बनवली: दोन नळ्या छर्ऱ्यांच्या, खाली एक गोळीची. ससा उठला तर छर्रे, हरीण दिसलं तर गोळी. सगळ्या नळ्या कायम अंगावर, त्यामुळे घरी काही विसरण्याचा प्रश्नच नाही. पुढं अमेरिकेत १९६७ मध्ये ‘थॉम्पसन सेंटर’नं ‘कंटेंडर’ नावाचं मोडून उघडणारं एकबारी पिस्तूल आणलं, त्याची नळी एक खीळ काढली की निघायची. डझनावारी काडतुसांच्या नळ्या लोक त्यावर चढवू लागले. मग जर्मन जागे झाले. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या आग्नेय टोकाला इझ्नी नावाचं गाव आहे, तिथल्या ‘ब्लाझर’नं १९९३ मध्ये ‘आर ९३’ आणि २००८ मध्ये ‘आर ८’ काढली. सरळ मागं ओढायचा बोल्ट, आणि खालून दोन स्क्रू सैल केले की नळी हातात. ‘माउझर’नं २००३ मध्ये ‘एम ०३’ काढली. ‘मेर्केल’च्या ‘हेलिक्स’ला तर स्क्रूही नकोत, हातानंच नळी सुटते.

माझी रायफल यांपैकी कोणती, ते सांगत नाही. तिची काही चूक नाही, तेव्हा तिचं नाव माझ्यासोबत खराब व्हायला नको.

दुकानदारानं काचेवर मऊ फडकं पसरलं, पेटी उघडली, ॲलन की फिरवली आणि नळी उचलून माझ्या हातात दिली. त्या क्षणी मी विकला गेलो. इंजिनियरला वस्तू चालते कशी हे कळलं की ती आपल्याला हवी कशाला, हा प्रश्न त्याला पडत नाही. रचना खरोखर देखणी होती. बोल्ट बंद झाला की त्याचं डोकं थेट नळीच्याच मागच्या भागात अडकतं. स्फोटाचा सगळा भार नळी आणि बोल्ट आपसात वाटून घेतात, मधला सांगाडा फक्त त्यांना धरून बसतो. म्हणून नळी बदलली तरी धोका नाही. दुर्बीणही सांगाड्यावर नसून नळीवरच खोगिरासारखी बसते, म्हणजे नळी आणि तिची दुर्बीण ही जोडी कायमची. काढा, घाला, नेम हलत नाही. सगळ्याच कंपन्या असं करत नाहीत. जिथं दुर्बीण सांगाड्यावर असते तिथं नळी बदलली की नेम पुन्हा बसवावा लागतो.

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं. आकृती काढून सांगितलं. तिनं भाजी चिरता चिरता ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे मिक्सर."

मी म्हटलं, "काय?"

"एक मोटर, दोन भांडी. एक चटणीचं, एक वाटणाचं. आणि आपल्याकडे चटणीचं भांडं किती वेळा निघतं, सांग बघू?"

संसारात काही प्रश्न असे असतात की त्यांची उत्तरं देण्यापेक्षा बाहेर जाऊन कचऱ्याची पिंपं रस्त्याकडेला लावणं बरं. मी पिंपं लावली.

चटणीचं भांडं, म्हणजे .२२३ रेमिंग्टन काडतुसाची बारीक नळी, हजार युरोंच्या पुढची. मनाशी म्हटलं, दुसरी रायफल घ्यायची तर याच्या तिप्पट जातात, म्हणजे मी दोन हजार वाचवले. नळी घरी आल्यावर कळलं की वाचवायला अजून पुष्कळ वाव आहे. .२२३ काडतुसाचं बूड ९.६ मिलिमीटरचं, आणि माझ्या मोठ्या नळीच्या .३०-०६ काडतुसाचं १२. बोल्टच्या तोंडाशी काडतुसाचं बूड धरून ठेवणारा जो छोटा कप असतो, तो त्या मापाचाच लागतो. म्हणून बोल्टचं डोकं दुसरं. काडतूस आखूड, म्हणून मॅगझिन दुसरं. दुर्बीण नळीवर बसते, म्हणून बैठक दुसरी, आणि बैठक रिकामी ठेवून चालत नाही म्हणून दुर्बीणही दुसरी. इथले शिकारी म्हणतात, दुर्बिणीत कंजुषी करू नये, ती रायफलीच्या तोडीची घ्यावी. हे वाक्य आधी कुणी म्हटलं माहीत नाही, पण त्याचं दुर्बिणीचं दुकान असणार. सगळ्याची बेरीज केली तर आबांच्या रायफलीसारख्या दोन चांगल्या जुन्या रायफली, त्यांच्या दुर्बिणींसकट, सहज आल्या असत्या. ती बेरीज मी एका कागदावर केली, कागद घडी करून मॅन्युअलमध्ये ठेवला आणि मॅन्युअल पुन्हा उघडलं नाही. पुढच्या बऱ्याच गोष्टींचं कारण हेही असावं.

जर्मन कायद्यात नळी हा शस्त्राचा मुख्य भाग आहे. तिच्यावर नंबर असतो, आणि विकत घेतल्यापासून दोन आठवड्यांत ती परवाना-पुस्तिकेत नोंदवावी लागते. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "नवीन शस्त्र?"

"नाही, जुन्याचीच नळी."

"जुनी नळी बिघडली?"

"नाही, ती उत्तम आहे."

"मग ही कशाला?"

हा प्रश्न अर्जात नव्हता. त्यांनी तो निव्वळ माणुसकीच्या नात्यानं विचारला होता. मी म्हटलं, "रेहसाठी." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि शिक्का मारला. नंतर कळलं की त्यांचे यजमानही शिकारी आहेत आणि त्यांच्याकडे नळ्या चार आहेत.

पहिल्यांदा शूटिंग रेंजवर गेलो तो दिवस माझ्यासाठी फार वाईट गेला, कारण रायफल अप्रतिम चालली. शंभर मीटरवर तीन गोळ्या मारल्या, नळी काढली, पुसली, परत बसवली, पुन्हा तीन मारल्या. सगळी भोकं जुन्या पाच मार्कांच्या नाण्याखाली झाकली जातील एवढ्या जागेत. रेंजवरच्या काकांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. नळी बसते ती जागा स्वच्छ हवी, वाळूचा कण जरी मध्ये आला तरी गोळी दुसरीकडे जाईल. आणि स्क्रू दर वेळी सारखेच आवळायचे, आज जोर जास्त आणि उद्या कमी असं नको. हे सोडलं तर नळी बदलली म्हणून नेम चुकला असं या रायफलीच्या बाबतीत म्हणता येणार नाही, असंही ते म्हणाले. मी तेच म्हणायला तर पैसे भरले होते! टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली रायफल एकही गोळी चुकवत नाही, आणि तीच रायफल माझ्या खांद्याला लागली की मक्याच्या शेतात खड्डे पाडते. आता दोष ठेवायला जगात एकच जागा उरली होती, आणि तिला नळीसारखी बदलून मिळण्याची सोय नव्हती.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. बारीक नळीचा मला खरा फायदा झाला. .२२३चा धक्का जवळजवळ लागतच नाही आणि काडतूसही स्वस्त. दस्ता तोच, चाप तोच, गाल टेकायची जागा तीच. त्यामुळे बारीक नळीनं केलेला सराव मोठ्या नळीला लागू पडतो. चाप ओढताना डोळे मिटायची माझी जी सवय होती ती त्या सरावात गेली. नळीच्या बाजूनं बोलणारे लोक हा मुद्दा सर्वांत शेवटी सांगतात. खरं तर तो पहिला सांगायला हवा.

उन्हाळ्यात मका पुरुषभर वाढला आणि डुकरं त्यात उतरली. आबांनी मला शेताच्या या कडेच्या मचाणावर बसवलं, स्वतः पलीकडच्या. मचाण म्हणजे इथं लाकडी शिडी लावलेली उंच खोली असते, बाकडं, छप्पर, समोर टेकायला फळी. माझ्या अंगावर बारीक नळी होती, कारण संध्याकाळी रेहचा नर येतो अशी बातमी होती. पाठपिशवीत, फोमच्या आवरणात, मोठी नळी तिच्या दुर्बिणीसकट. संध्याकाळी रेह, अंधार पडला की मध्ये पाच मिनिटांत नळी बदलायची आणि डुक्कर. घरी डायनिंग टेबलावर मी हे घड्याळ लावून करून पाहिलं होतं. दिवा लावून, चहा घेत.

रेह आला नाही. चांदणं मात्र छान पडलं. आणि दहाच्या सुमाराला मक्यात कडाकड आवाज सुरू झाला. एक मादी आणि तिच्यामागं धारीदार पिल्लांची रांग अशी मंडळी नव्हती, आवाज चांगल्या वजनदार जनावराचा होता. कणसं मोडत, फुरफुरत, ते माझ्याच दिशेनं येत होतं. माझ्या हातात ५.७ मिलिमीटरची नळी. कायद्याला हवी साडेसहाची.

मी काडतुसं काढली, मॅगझिन काढलं, बोल्ट काढून शेजारी ठेवला. ॲलन की घातली आणि दोन्ही स्क्रू सैल केले. बारीक नळी उचलून मांडीवर आडवी ठेवली. इथवर सगळं टेबलावरच्यासारखं झालं. मग मोठी नळी पिशवीतून काढायची म्हणून ॲलन की क्षणभर समोरच्या फळीवर ठेवली. फळी आबांनी स्वतः रंधून बसवलेली, गुळगुळीत आणि पावसाचं पाणी निथळावं म्हणून बाहेरच्या बाजूला किंचित उतरती. ॲलन की घरंगळली. खाली कुठंतरी ‘टिण्’ असा आवाज आला, मग खाजऱ्या पाल्याच्या गचपणात तो विरला.

त्या क्षणी माझ्यापाशी दोन नळ्या होत्या, दोन दुर्बिणी होत्या, बोल्टची दोन डोकी, दोन मॅगझिनं, दोन जातींची काडतुसं होती, आणि रायफल एकही नव्हती.

डुक्कर मक्यातून बाहेर आलं. मोठा नर, खांद्यापाशी उंच, चांदण्यात काळाशार. मचाणापासून तीस-चाळीस पावलांवर थांबून त्यानं वर पाहिलं, असं मला वाटलं. मी एका हातात दस्ता आणि दुसऱ्या हातात नळी धरून बसलो होतो. एखाद्या शूर पुरुषानं अशा वेळी निदान निश्चल राहून निसर्गाचा आनंद लुटला असता. मी मोबाइलचा दिवा लावून शिडीवरून खाली वाकलो, किल्ली दिसते का ते पाहायला. डुक्कर फूं करून उधळलं ते थेट पलीकडच्या बाजूला. थोड्या वेळानं तिकडून एकच बार ऐकू आला. वडिलोपार्जित बार.

सकाळी आबा आले. त्यांनी आधी विचारलं की मी रात्री दिव्यानं खुणा करत होतो त्या ॲम्ब्युलन्ससाठी होत्या का. मग मांडीवरचं भांडार पाहिलं. हसले नाहीत. हसण्याआधी त्यांनी माझ्या जॅकेटच्या खिशात हात घातला आणि दोन्ही जातींची काडतुसं एकत्र बाहेर काढली, आणि तेव्हा ते खरोखर रागावले. मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. दोन काडतुसं एका खिशात कधी ठेवायची नाहीत. ज्या नळीचं काडतूस, तिच्याच पिशवीत, आणि नळी बदलली की आधीचं काडतूस अंगावर शिल्लक नको. माझ्या दोन काडतुसांत आकाराचा फरक इतका मोठा आहे की चूक होणं अवघड, पण .३०० ब्लॅकआउट नावाचं एक काडतूस .२२३च्या नळीत शिरतं, आणि बार काढला की नळी फुटते, शेजारी डोकं असेल तर तेही. नळ्या बदलणाऱ्या माणसाला विसरायला परवानगी नाही, असं ते म्हणाले. ही अट मला आधी कुणी सांगितली असती तर मी दुकानाची पायरी चढलोच नसतो.

मग त्यांनी शांतपणे विचारलं, "मोठ्या नळीनं रेह मारायला कायद्याची बंदी आहे का?"

नव्हती. १००० ज्यूल हे किमान आहे; .३०-०६ त्याच्या तिप्पट भरतं. फार तर थोडं मांस जास्त वाया जातं. मोठी नळी दोन्ही कामं करते, बारीक नळी एकच करते. हिरव्या बारावीत उत्तम गुण मिळवलेल्या माणसाला हे गणित एका सुतारानं मचाणाखाली, गचपणात वाकून ॲलन की शोधता शोधता सांगितलं. ॲलन की त्यांनाच सापडली. माझे हात तोवर कोपरापर्यंत लाल झाले होते.

तरीही मी हार मानली नाही, कारण या रायफलीचा एक गुण निर्विवाद आहे. ती मोडून आखूड पेटीत मावते. त्या हिवाळ्यात ब्रांडेनबुर्गला हाकाऱ्यांच्या शिकारीचं आमंत्रण आलं, आणि मी रेल्वेनं निघालो. लांबलचक बंदुकीची पेटी घेऊन डब्यात शिरलं की लोक जागा बदलतात. माझ्या पेटीकडे पाहून समोरच्या आजीबाईंनी विचारलं, मी कुठल्या वाद्यवृंदात वाजवतो. मी म्हटलं, हौशी आहे. हे उत्तर कुठल्याही अर्थानं खोटं नव्हतं.

पाइनच्या रानात थंडीनं गोठलेली सकाळ. तीसेक शिकारी नारिंगी जाकिटात. यजमानांनी नियम वाचले, परवाने तपासले. मी पेटी उघडली, मोठी नळी बसवली, स्क्रू सारखे आवळले. किल्ली आता दोरीनं गळ्यात होती. बोल्ट सरकवला आणि काडतूस काही केल्या बसेना. १२ मिलिमीटरचं बूड ९.६ मिलिमीटरच्या कपात बसत नाही, हे भौतिकशास्त्र ब्रांडेनबुर्गलाही लागू असतं. बोल्टला बारीक नळीचं डोकं लावलेलं होतं. मोठ्या नळीचं डोकं घरी.

बायकोला फोन केला. म्हटलं, शस्त्रांच्या कपाटात वरच्या फळीवर बघ, आहे ना तिथं? ती म्हणाली, "त्या कपाटाची किल्ली परवाना नसलेल्या माणसाच्या हाती पडता कामा नये, हा कायदा मला कुणी वाचून दाखवला होता?" आणि सापडलं असतं तरी सहाशे किलोमीटरवर त्याचा काय उपयोग होता, हा प्रश्न तिनं विचारला नाही. तेवढी ती सभ्य आहे.

इथली रीत अशी की पाहुण्याची बंदूक बिघडली तर कुणीतरी आपली जादा बंदूक देतं. कायद्यानं परवानाधारकाला काही दिवसांसाठी ती उसनी घेताही येते. यजमानांनी ओरडून विचारलं, "कुणाकडे जादा रायफल?" शांतता. मग हळूहळू उलगडा झाला. सगळ्यांकडे माझ्यासारखीच. कुणाकडे तीन नळ्या, कुणाकडे पाच, पण सांगाडा प्रत्येकी एक, आणि तो ज्याच्या त्याच्या हातात. नळी मागाल ती मिळाली असती. पूर्वी याच मैदानात गाड्यांच्या डिक्कीतून जुन्या बंदुका निघायच्या म्हणे. नळ्या बदलायच्या रायफलीचा हा तोटा कुठल्याही जाहिरातीत नसतो: एक चाप बिघडला, एक स्प्रिंग गेली, की तुमच्या सगळ्या रायफली एकाच वेळी बंद.

म्हणून मला नारिंगी जाकिटासकट हाकाऱ्यांत टाकलं. हातात काठी, समोर काटेरी झुडपं, दोन्ही बाजूंना कुत्री. बाकीचे हाकारे ‘होप होप’ करत सभ्यपणे चालले होते. मी मात्र चिपळूणजवळच्या खेड्यात वाढलेला माणूस. भात तयार झालं की रात्री पत्र्याचे डबे बडवत शेताच्या बांधावर फिरणं हे आमचं शालेय जीवन होतं. आधी दबकत, मग मोकळ्या गळ्यानं मी सुरू झालो: "हाऽऽड्या! हाऽऽ! ऊठ रे! ऊठ मेल्या! हाऽऽड्या!" ब्रांडेनबुर्गच्या डुकरांना जर्मन हाकांची सवय झालेली असावी, ती दडून बसतात. ही भाषा त्यांना नवी होती. एका गचपणातून अख्खा कळप उठला, आणि ओळीतून बार झडू लागले. संध्याकाळी जनावरं सूचिपर्णी झाडांच्या डहाळ्यांवर ओळीनं मांडली, शिंगं वाजवली, ज्यांनी मारली त्यांच्या टोप्यांत डहाळ्या खोचल्या. मग यजमानांनी माझं नाव घेतलं आणि पुढच्या वर्षीसाठी आमंत्रण दिलं. हाकाऱ्या म्हणून. मला वाटाण्याचं सूप दोनदा वाढण्यात आलं.

तर आता इतक्या खर्चानं मिळालेलं मत सांगतो. तुम्ही खरोखर लांब प्रवास करून शिकार करत असाल, आज टेकडीवरचं हरीण आणि पुढच्या आठवड्यात घनदाट रानातलं डुक्कर असा तुमचा क्रम असेल, कपाटात जागा कमी असेल, डावा-उजवा खिसा वेगळा ठेवायची शिस्त अंगात असेल, तर नळी बदलणारी रायफल जरूर घ्या. यंत्र म्हणून तिला नाव ठेवायला जागा नाही. प्रत्येक नळीसोबत तिचं डोकं, तिचं मॅगझिन, तिची काडतुसं अशी एकच बंद पिशवी करा आणि त्यात दुसरं काही घालू नका. नळी बदलायची ती घरी, उजेडात. आणि दुसरी नळी घेण्याआधी कागदावर बेरीज करा. बहुधा त्या पैशात वापरलेली दुसरी अख्खी रायफल येते, आणि ती पाहुण्याला देताही येते. तुमच्या वाट्याला एकच रान आणि एकच मचाण असेल, तर एक मध्यम काडतुसाची, एका नळीची रायफल पुरते. आबांना साठ वर्षं पुरली.

एक निवेदन. .२२३ची नळी, सोबत बोल्टचं डोकं, मॅगझिन, दुर्बीण आणि बैठक, सर्व अत्यंत कमी वापरलेलं, विकणे आहे. जर्मनीतला शिकारीचा परवाना आवश्यक. दोन आठवड्यांत नोंदणी आपली आपण करावी. ॲलन की मिळणार नाही.